बारा ठिपक्यांची प्लेट

१

त्या सोमवारी सकाळी साडेनऊ वाजता मी सिद्धेशला सगळ्यांसमोर खोटारडा म्हणाले. ओरडून म्हणाले. माझा आवाज तसा मोठाच. सांडोरला केळीच्या वाडीच्या या टोकाहून त्या टोकाला हाका मारत वाढलेली मी. तिसऱ्या मजल्यावर बोलले ते खाली कँटीनमध्येही ऐकू गेलं असणार. या गोष्टीला आठ महिने झाले, पण तो शब्द माझ्या कानातून काही जात नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी बेला तुस्कानो. वसईतल्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि तिसऱ्या मजल्यावरची छोटी प्रयोगशाळा सांभाळते. आमचं काम यीस्टवर. पाव फुगवणारं तेच यीस्ट. त्याच्या दोन प्रकारच्या पेशी असतात. त्यांना एकमेकींचा सुगावा लागतो, त्या जवळ येतात, चिकटतात, मधली भिंत विरघळते आणि दोघींची एक पेशी होते. पण एवढ्यावर लग्न लागत नाही. आत दोन केंद्रकं असतात, त्यांचंही एक व्हावं लागतं. त्यासाठी काही प्रथिनं दोरी ओढावी तशी केंद्रकांना ओढून जवळ आणतात, तर काही त्यांचे पडदे जुळवतात. यातलं एखादं बिघडलं की दोन केंद्रकं एका घरात राहतात आणि एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

या दोरी ओढणाऱ्यांना तयार करण्याचा हुकूम देणारं जे प्रथिन आहे, त्याला कार-फोर म्हणतात. माझ्या पीएचडीच्या विद्यार्थ्याने, सिद्धेशने, पाच वर्षं घालून त्याची चार बिघडलेली रूपं तयार केली होती. त्याचं म्हणणं असं, की दोन्ही जोडीदारांत बिघाड असेल तर केंद्रकं जुळत नाहीत. एक जरी धड असला तरी तो दोघांचं निभावून नेतो.

हे तपासायची रीत सोपी. दोन्ही जोडीदारांना एकेक गोष्ट स्वतः बनवता येत नाही. केंद्रकं जुळली तरच पुढच्या पिढीला दोन्ही जमतात आणि ती अगदी साध्या अन्नावरसुद्धा जगते. प्लेटवर तीन ओळींत चार-चार, असे बारा ठिपके लावायचे. ती प्लेट मखमलीच्या कापडावर दाबायची, म्हणजे मखमलीवर छाप उठतो. मग साध्या अन्नाची नवी प्लेट त्याच मखमलीवर दाबायची आणि दोन दिवस थांबायचं. जिथे यीस्ट उगवलं तिथे केंद्रकं जुळली. जिथे जागा मोकळी राहिली तिथे नाही.

मर्विन नावाच्या माझ्या एका विद्यार्थ्याने आठ वर्षांपूर्वी असे निकाल घरी बसून बनवले होते. मर्विन आमच्याच पॅरिशचा, म्हणजे आमच्याच चर्चचा, लहानपणापासून बघितलेला. मी डोळे मिटून सही केली आणि नंतर विद्यापीठात मान खाली घालून उभी राहिले. तेव्हापासून नियम केला, की मुख्य प्रयोग स्वतःच्या हाताने केल्याशिवाय कुणाच्या थिसिसवर सही करायची नाही. मर्विननंतर सहीपर्यंत पोचलेला सिद्धेश पहिलाच. त्यामुळे कितीतरी वर्षांनी मी मखमल हातात घेतली. हात काही विसरले नव्हते.

सिद्धेशची मूळ प्लेट घेतली. कुठल्या नंबरला काय लावलंय ते त्याने मुद्दाम विस्कटून ठेवलं होतं, बघणाऱ्याचा डोळा पक्षपात करू नये म्हणून. त्याचा कागद बंद पाकिटात लॅबमधल्या अनुष्काकडे होता. शनिवारी प्लेट लावली, सोमवारी मोजली. माझ्या प्लेटवर चार जागा मोकळ्या होत्या: एक, सहा, दहा, अकरा. अनुष्काचं पाकीट फोडलं. बिघडलेल्या जोड्या होत्या दोन, तीन, सात आणि बारावर. सिद्धेशच्या वहीतही तेच चार मोकळे.

म्हणजे मरायला हवे होते ते चारही जगले आणि जगायला हवेत असे चार मेले! मी त्याची वही आणि माझी यादी त्याच्यापुढे आपटली. मर्विनची सगळी भडास त्याच्यावर काढली. आपल्या पॅरिशमधला असून मर्विनने फसवलं, मग हा तर नालासोपाऱ्याच्या कुठल्याशा चाळवजा इमारतीतून आलेला. हेही माझ्या मनात आलं. आलं होतं, म्हणून लिहिते आहे.

सिद्धेश वही उचलून निघून गेला. दुपारी आमच्या लॅब अटेंडंटने, शांतारामने, एक बंद पाकीट आणून दिलं. वर सिद्धेशचं अक्षर. माफीनामा असणार, म्हणून मी ते टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकलं.

मंगळवारी डोकं जरा थंड झालं. पुन्हा एकदा लावून बघू म्हणून मूळ प्लेट काढायला फ्रिज उघडला. सिद्धेशचा खालचा कप्पा धुऊन पुसून लख्ख होता. प्लेट गायब.

२

सिद्धेशचं रजिस्ट्रेशन पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी संपत होतं. शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत थिसिस गेली नाही तर पाच वर्षं पाण्यात. आणि मी जे पत्र विद्यापीठाला लिहायला घेतलं होतं ते गेलं असतं, तर त्याला कुठल्याच प्रयोगशाळेने दारात उभं केलं नसतं. पत्रात ‘लबाडी’ हा शब्द होता. तो लिहायला पुरावा हवा. माझ्याकडे पुरावा म्हणून फक्त माझी प्लेट होती, ती मी केबिनच्या फ्रिजमध्ये कुलूप लावून ठेवली होती आणि कुणालाही दाखवली नव्हती.

आठवडा असाच गेला. बुधवारी मी आशाताईंना बोलावलं. आशालता सामंत. सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या, आता अंबाडी रोडला राहतात. सत्तरीच्या, ठेंगण्या, कानाला जरा कमी. त्यांनी आयुष्यभर रक्ताचे डाग वाचले. यीस्टमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं आणि त्याची त्यांना अजिबात लाज नव्हती.

“सुकेळी आणलीस का?” आल्या आल्या पहिला प्रश्न. मी घरच्या केळ्यांची, उन्हात सुकवलेली सुकेळी पुढे ठेवली. त्यांनी एक तोंडात टाकलं. “हं. आता चोरी सांग.”

मी सगळं सांगितलं. प्लेट काढून टेबलावर ठेवली, नेहमीसारखी, काळी रेघ माझ्याकडे. गोल प्लेटला वरखाली नसतं, म्हणून कडेला मार्करने एक रेघ मारतात. आशाताईंनी चष्मा लावला, मोकळ्या जागा बघितल्या आणि जुन्या डायरीत दोन याद्या एकीखाली एक लिहून घेतल्या.

“मुलाचे चार मोकळे, तुझेही चारच मोकळे?”

“हो.”

“आणि एकही सारखा नाही.”

“तेच तर! कुणीतरी नळ्या अदलाबदल केल्यात, नाहीतर हे पोरगं पाच वर्षं थापा मारतंय.”

“बेला, थापा मारणारा इतका नीट चुकत नाही गं,” त्या म्हणाल्या. “चाराचे पाच होतात, एखादा चुकून बरोबर येतो. हे फारच शिस्तीत चुकलंय. कुणाकुणाचा हात लागलाय याला?”

तिघांचा. सिद्धेश तर येत नव्हता, फोनही उचलत नव्हता. म्हणून आधी अनुष्काला बोलावलं. अनुष्का माझी दुसरी पीएचडीची विद्यार्थिनी, चौथ्या वर्षाला. कॉलेजात एक जागा निघणार होती आणि दोघांचाही डोळा त्या जागेवर होता. कागदही तिच्याच ताब्यात होता. मला तर आत येतानाच तिचा चेहरा चोरासारखा वाटला.

“पाकीट मध्ये उघडलं होतंस?” आशाताईंनी विचारलं.

“नाही मॅम, गॉड प्रॉमिस. सील तर मॅमनीच फोडलं ना.”

“सिद्धेशशी बोलणं होतं?”

ती माझ्याकडे बघायला लागली. “त्या दिवशी संध्याकाळी त्याचा कॉल आलेला.”

“काय म्हणाला?”

“काही नाही. असंच. रडत होता.”

“बरं. आता मला ते मखमलीचं कसं करतात ते सांगू नकोस, करून दाखव. मला वाचून काही कळत नाही.”

अनुष्काने ओट्यावर ठोकळा ठेवला, त्यावर मखमल ताणली, आणि एक रिकामी प्लेट घेऊन दाबून दाखवली. “काळी रेघ वर, भिंतीकडे. रेघेजवळ एक नंबर. मग डावीकडून मोजत यायचं.” आशाताई तिच्या हाताकडे बघत होत्या. जाताना अनुष्का दाराशी थांबली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि माझं लक्ष गेल्याबरोबर पळाली.

“ही काहीतरी लपवते आहे,” मी म्हणाले.

“लपवते आहे,” आशाताई सुकेळ्याचा दुसरा तुकडा मोडत म्हणाल्या. “पण तिला भीती माझी नाही वाटत.”

३

शांताराम आमच्याकडे बावीस वर्षं आहे. मिठागराकडच्या गावचा. भांडी निर्जंतुक करणं, मखमली धुणं, अन्नाच्या प्लेटा ओतणं, सगळं त्याच्याकडे. आणि त्याचं सिद्धेशशी वाजलेलं मला ठाऊक होतं. इन्क्युबेटरमध्ये तीस अंशाला यीस्ट छान वाढतं, तसं दहीही छान लागतं. शांतारामने मागच्या वर्षी तिथे दुधाचं पातेलं ठेवलं होतं आणि सिद्धेशने त्याला सगळ्यांपुढे झापलं होतं. दहा दिवस अबोला होता.

“अजून ठेवतोस का दही?” आशाताईंनी विचारलं.

“नाय हो बाई. आईशप्पत. सिद्धेशनी मना समजावलं, मंग माफी पन मागली. चांगला पोरगा हाय तो.”

“दह्याने प्लेट बिघडली असेल?” मी मध्येच म्हणाले.

“बिघडली असती तर सगळीकडे बुरशी पसरली असती,” आशाताई म्हणाल्या. “दह्याला चार ठिपके निवडता येत नाहीत.” मग त्याच्याकडे वळल्या. “शांताराम, शनिवारी मॅडमनी प्लेट लावली तेव्हा तू होतास?”

“होतो ना. मखमल मीच दिली.”

“काही वेगळं दिसलं?”

शांतारामने हातातलं फडकं या हातातून त्या हातात केलं. “मी कोन सांगनार बाई? मॅडमनी लावली ती बराबरच लावली असनार.”

“मी ते विचारलं नाही. दिसलं काय?”

तो फडक्याची घडी घालायला लागला. मला राग यायला लागला. बाहेर व्हरांड्यात मुलं हसत होती, त्यांच्यावरही मी दार उघडून एकदा खेकसले. परत येऊन बसले तर शांताराम डोळे पुसत होता.

“काय झालं आता?” मी म्हणाले.

“ती मोठी प्लेट, सिद्धेशची, हरवली म्हनता ना,” तो आशाताईंना म्हणाला, मला नाही. “ती हरवली नाय. मी कुकरात घातली. सगलीच्या सगली.”

कुकर म्हणजे ऑटोक्लेव्ह. एकशे एकवीस अंशाच्या वाफेत पंधरा मिनिटं. त्यातून काहीही जिवंत बाहेर येत नाही.

४

मी खुर्चीवरून उठलेच. “शांताराम! तुला अक्कल आहे का? पाच वर्षांचं काम, मूळ प्लेट, आणि तू... कुणी सांगितलं तुला?”

आशाताईंनी हात वर केला. “हा प्रश्न चांगला आहे. कुणी सांगितलं, शांताराम?”

शांतारामने जमिनीकडे बघत सांगितलं. “मॅडमनी.”

“मी?”

“सोमवारी. तो गेला ना खाली, तवा तुमी बोललात, ‘ह्याचं काय बी इथं ठेवू नको, सगलं उकलून टाक.’ फ्रिजकडे हात केलात.”

मला आठवेना. खरंच आठवेना. आणि मग आठवलं. माझा हात फ्रिजकडे गेलेला, मनगटातलं घड्याळ फ्रिजच्या दारावर आपटलेलं, त्याची काच तडकली तीसुद्धा आठवली. दुसऱ्या दिवशी मीच प्लेट चोरीला गेल्याचा आरडाओरडा केला होता. सगळा मजला शोधायला लावला होता. आणि हा माणूस माझ्याबरोबर टेबलांखाली वाकून वाकून शोधत होता, कारण खरं सांगायची त्याची हिंमत नव्हती.

“तेव्हाच बोलायचं ना रे,” मी म्हणाले. आवाज खाली आला होता.

“तुमाला कोन बोलनार मॅडम?”

आशाताई डायरीतल्या दोन याद्यांवर पेन्सिलीने रेघा मारत बसल्या. वरच्या यादीतल्या आकड्यांकडून खालच्या यादीतल्या आकड्यांकडे. मग त्यांनी डायरी मिटली.

“अनुष्कालाही बोलाव. बेला, आता तुझी पाळी.”

“माझी कसली?”

“करून दाखवायची. सगळ्यांनी दाखवलं, तूच राहिलीस.”

मला हसू आलं. तीस वर्षं मी हे शिकवते आहे. ठोकळा ओढला, मखमल ताणली, कडी बसवली. रिकामी प्लेट घेतली आणि माझ्या गुरूंनी पुण्यात शिकवलं होतं तसं करायला लागले. त्यांचे शब्द अजून कानात होते: खूण पोटाशी, शेवटची ओळ खुणेजवळ, मोजायला सुरुवात लांबच्या डाव्या कोपऱ्यातून. प्लेट दाबली, उचलली, तशीच समोर ठेवली.

“एक, दोन, तीन, चार...” मी मोजायला लागले.

अनुष्का शांतारामकडे बघत होती, शांताराम पायाच्या अंगठ्याकडे. मी मोजायची थांबले.

“काय झालं?” मी विचारलं.

५

आशाताईंनी केबिनमधून माझी खरी प्लेट मागवली. टेबलावर ठेवली, काळी रेघ माझ्या पोटाशी.

“मोज.”

“एक, सहा, दहा, अकरा मोकळे. हे सांगितलंय मी.”

त्यांनी प्लेटच्या कडेला एक बोट लावलं आणि ती हळूच अर्धी फिरवली. काळी रेघ भिंतीकडे गेली.

“आता मोज.”

मी मोजलं. दोन मोकळा. तीन मोकळा. सात. बारा.

पुन्हा मोजलं. मला वाटतं चार वेळा मोजलं असेल. मग मी स्टुलावर बसले.

“नळ्या बदलल्या नव्हत्या, कागद बदलला नव्हता, मुलगा खोटं बोलला नव्हता,” आशाताई म्हणाल्या. त्यांचा स्वर कोरडा होता, साक्षीला उभ्या राहिल्यासारखा. “कुणाचा हात लागला असता तर गोंधळ झाला असता. इथे गोंधळच नव्हता. दोनाचा अकरा, तिनाचा दहा, साताचा सहा, बाराचा एक. प्रत्येक जोडीची बेरीज तेरा. बारा घरं असलेली वस्तू उलटी धरली तरच असं होतं. पहिलं शेवटचं होतं. प्रश्न इतकाच होता, की उलटी कुणी धरली. इथे सगळे रेघ भिंतीकडे धरतात. मी आल्यावर तू प्लेट माझ्यापुढे ठेवलीस ती मात्र रेघ पोटाशी घेऊन.”

“पण ही मुलं... यांना कुणी शिकवलं भिंतीकडे?” मी विचारलं. हा प्रश्न विचारताना मला स्वतःचीच लाज वाटली, कारण उत्तर ‘मी’ असायला हवं होतं.

“शांतारामदादांनी,” अनुष्का म्हणाली. “आम्हा सगळ्यांना.”

पाच वर्षं. पाच वर्षांत मी सिद्धेशच्या बाजूला ओट्याशी एकदाही उभी राहिले नव्हते. केबिनमधून आकडे तपासले, मीटिंगा घेतल्या, वाक्यं सुधारली. तो प्लेट कशी धरतो ते मला माहीतच नव्हतं.

“शनिवारी तू बघितलंस,” मी शांतारामला म्हणाले.

“बघितलं. वाटलं, मॅडमची रीत मोठी असंल.”

“आणि तू?” मी अनुष्काकडे वळले.

तिचा बांध फुटला. “त्याने मला त्याच संध्याकाळी सांगितलेलं मॅम. तुमची लिस्ट बघून त्याने दुपारपर्यंतच फिगर आउट केलेलं. बोलला, मॅमनी प्लेट उलटी वाचलीये. मी म्हटलं, मग सांग ना. तर बोलला, लिहून दिलंय. मला वाटलं तुम्ही वाचलं असेल, आणि वाचून पण... मॅम, माझी थिसिस पण तुमच्याच हातात आहे. मी घाबरले. आय ॲम सो सॉरी.”

“लिहून दिलंय म्हणजे?” आशाताईंनी विचारलं. “बेला, त्या मुलाने तुला काही खुलासा दिला होता?”

मी केबिनमध्ये गेले, ड्रॉवर उघडला. पाकीट तिथेच होतं, वर खडूचे तुकडे आणि स्टेपलरच्या पिना पडलेल्या. वर तारीख, त्याच सोमवारची, आणि वेळ घातली होती: दुपारी दीड. फोडलं. वहीचा अर्धा कागद.

‘आदरणीय मॅडम, तुमच्या आणि माझ्या आकड्यांच्या जोड्या लावल्या तर प्रत्येकाची बेरीज तेरा येते. माझ्या प्लेटवर काळी रेघ एक नंबरच्या डोक्यावर असते, हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. चूक माझी आहे. कृपया एकदा प्लेट फिरवून बघाल का? सिद्धेश.’

चूक माझी आहे, असं त्याने लिहिलं होतं. नऊ दिवस ते माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर पडून होतं आणि त्याच टेबलावर मी ‘लबाडी’ लिहीत बसले होते.

“चोर सापडला,” मी आशाताईंना म्हणाले.

“सापडला,” त्या म्हणाल्या. उगाच काही धीर दिला नाही, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. “आज बुधवार. शुक्रवारी पाच वाजता काय आहे ते लक्षात आहे ना?”

मी गाडीची किल्ली शोधायला लागले. पण जायचं कुठे? फोन तो उचलत नव्हता.

“तो घरी नाहीये मॅम,” अनुष्का नाक पुसत म्हणाली. “कामणला गोडाऊनमध्ये लागलाय. सोमवारपासून.”

६

कामणला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पत्र्याची गोदामं आहेत. तिसऱ्या गेटवर तो सापडला. अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, हातात खोक्यांवरचा बारकोड वाचायचं मशीन. एक ट्रक भरत होता. मला बघितलं, दोन खोकी आणखी वाचली आणि मग पुढे आला.

“मॅडम, गेटवर एन्ट्री केलीत का? नाहीतर आमचा सुपरवायझर बोलतो.”

“केली. सिद्धेश, मी प्लेट फिरवून बघितली.”

तो जाकिटाची चेन वरखाली करत राहिला.

“तू बरोबर होतास. मी चुकले. मला माफ कर.” सगळा रस्ताभर मी वाक्यं जुळवत आले होते. फादरांपुढे पाप सांगतानाही मी कधी इतकी घाबरले नव्हते. आणि तोंडातून एवढंच निघालं.

“आज कळलं तुम्हाला?”

“आज. तुझं पाकीट मी उघडलंच नव्हतं.”

त्याने मशीन एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. “मी समजत होतो, तुम्ही वाचलंत आणि तरी गप्प बसलात. आता म्हणताय वाचलंच नाही. यातलं जास्त वाईट कुठलं, ते मला खरंच कळत नाहीये मॅडम.”

“घरी काय सांगितलंस?”

“आईला सांगितलं, थिसिस दिली, आता टाइमपास म्हणून काम करतोय. ती शेजारी पेढे वाटून आली.” त्याने मान वळवून ट्रककडे बघितलं. “तुम्ही मला खोटारडा म्हणालात. तोपर्यंत मी आईशी एकदाही खोटं बोललो नव्हतो.”

मी रडले. गोदामाच्या दारात, हमाल बघत असताना, छप्पन्न वर्षांची बाई रडले. त्याने पाण्याची बाटली पुढे केली, पण समजूत घातली नाही.

“थिसिस शुक्रवारी द्यायची आहे,” मी म्हणाले. “मी सही करते. आत्ता, इथे. निकालाच्या प्रकरणाला माझं पत्र जोडते, की चूक माझ्या हातून झाली.”

“इथे नको.” तो शांतपणे म्हणाला. “तुम्ही जे बोललात ते इथे नाही बोललात. जिथे बोललात तिथे बोला. सगळे असताना.”

शुक्रवारी सकाळी साडेनऊला मी सगळ्यांना तिसऱ्या मजल्यावर बोलावलं. पीएचडीवाले, एमएस्सीची अठरा मुलं, कँटीनचा गॉडफ्रे, त्यानेही ऐकलं होतं म्हणून तोही. आशाताई मागच्या बाकावर बसल्या. मी प्लेट उंच धरली, रेघ पोटाशी, आणि मोजून दाखवली. मग फिरवली आणि मोजून दाखवली. म्हणाले, “सिद्धेश खरं बोलत होता. मी त्याला तुमच्यासमोर खोटारडा म्हणाले. तो खोटारडा नाही. मला वाचायची घाई होती आणि ऐकायची सवय नव्हती.” आवाज माझा नेहमीसारखा मोठा लागला नाही. मागून कुणीतरी म्हणालं, “मॅडम, ऐकू येत नाही.” मी पुन्हा म्हणाले. दुसऱ्यांदा जास्त जड गेलं.

मग सिद्धेशने बाइंडिंग केलेल्या प्रती पुढे ठेवल्या. सही करण्याआधी मी सवयीने आभाराचं पान उघडलं. ते नव्याने छापलेलं होतं, बाकीच्या पानांपेक्षा कागद पांढरा होता. पहिली ओळ अशी: ‘मला प्लेट धरायला शिकवणाऱ्या शांतारामदादांचे आभार.’ मग आई, वडील, अनुष्का. माझं नाव त्या पानावर नव्हतं. मुखपृष्ठावर मार्गदर्शक म्हणून होतं, कारण तिथे ते नियमाने टाकावंच लागतं.

मी सही केली. तो साडेतीन वाजता विद्यापीठात पोचला.

आता तो डॉक्टर झाला आहे. व्हायवाला परीक्षकांनी फार कौतुक केलं. कॉलेजातली ती जागा त्यालाच मिळाली आणि तो माझ्याच मजल्यावर बसतो. समोर आला की “गुड मॉर्निंग मॅडम” म्हणतो, विचारलं तेवढं उत्तर देतो. मी ओट्याशी गेले की हातातलं काम नीट संपवतो आणि दुसऱ्या ओट्यावर जातो. मी काही म्हणत नाही. म्हणायचा हक्क मी त्या सोमवारी घालवला.

दर शनिवारी मात्र मी मखमल घेऊन बसते. तीस वर्षांची सवय, हात अजून चुकतो. परवा शांताराम मागे उभा होता. घसा खाकरला आणि म्हणाला, “मॅडम, उलटी धरलीय.”

मी फिरवली. “शांताराम,” मी म्हणाले, “आज बोललास तसंच बोलत जा.”

पलीकडच्या ओट्यावर सिद्धेशने मान वर करून बघितलं. हसला नाही. पण त्या दिवशी तो उठून गेला नाही.